आवाज शाबूत असताना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा आवाज शिकवण्याचा, राहणार औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. कोणाच्याही दडपणाखाली लिहिलेले नाही, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. दडपण आहे. पण ते दुसऱ्या कोणाचे नाही, माझे मलाच आहे.

कारण असे की माझ्या गळ्यातली गाठ उद्या सकाळी काढायची आहे. घशाचे डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही. आवाज जाईलच असं नाही." मी विचारले, "जाईलच असं नाही म्हणजे काय?" तर म्हणाले, "म्हणजे बहुधा राहील." बहुधा! या जिन्याला बहुधा पायऱ्या आहेत, असे सांगून कोणी मला अंधारात उतरायला लावले तर मी उतरेन का? त्या दिवसापासून मी गॅस बंद केला की नाही ते उठून उठून बघते, कुलूप ओढून बघते, आणि घरात कोणी नसताना एक सूर लावून तो अजून आहे का तेही बघते. मन चिंती ते वैरी न चिंती, एवढेच याबद्दल म्हणता येईल.

हे लिहायला वकीलबाई मदत करत आहेत. त्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी. सकाळपासून समोर बसून चहा पीत आहेत आणि माझी वाक्ये लांबल्यावर घड्याळाकडे बघत आहेत. 'माझा मृत्यू झाल्यास अथवा आवाज गेल्यास' असे मी सुरुवातीला लिहिले होते. त्यांनी ते खोडायला लावले.

"बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. नुसता आवाज गेला तर नाही."

"माझ्या धंद्यात दोन्हींत फरक काय?"

"कायद्यात आहे."

म्हणून आवाजाविषयीचे वेगळ्या कागदावर लिहिले आहे. तरी तो कागद गहाळ होऊ शकतो, म्हणून इथेही मधूनमधून येईल.

कलम पहिले. राहत्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बँकेतली सर्व शिल्लक माझ्या धाकट्या भावाला द्यावी. ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून तिच्यावर कोणाचा हक्क नाही. भाऊ स्वभावाने चांगला आहे. फक्त न्हाणीघरात गातो. त्याला मी आयुष्यात एकच धडा दिला, "तोंडात पाणी धरलंय असं समज आणि गा." पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या शोकसभेत त्याने गाऊ नये, ही या कलमाची अट आहे. वकीलबाई म्हणतात अशी अट टिकत नाही. टिकली नाही तरी त्याला कळू दे.

कलम दुसरे. वर्गातला उभा आरसा समोरच्या मास्तरांना द्यावा. हे मास्तर रस्त्यापलीकडे, नेमके माझ्या खिडकीसमोर, गाणे शिकवतात. भिंतीवर घशाचा मोठा रंगीत तक्ता, खिशात छोटी टॉर्च. जीभ खाली, टाळू वर, बरगड्या बाहेर, असे दिवसभर चाललेले असते. मला ते माझ्या पाठीमागे 'गोष्टीवाल्या बाई' म्हणतात. एकदा तोंडावर म्हणाले, "बाई, स्नायूंना गोष्टी कळत नाहीत हो." मी म्हटले, "लिंबाचं नाव काढलं की तुमच्या तोंडाला पाणी सुटतं ना, मास्तर? तेव्हा कोणत्या स्नायूला हुकूम सोडता?" त्यावर ते हसले नाहीत, आणि तेव्हापासून आमचे बोलणे रस्ता ओलांडताना मान हलवण्यापुरते उरले आहे. त्यांनी त्या आरशात शिकवतानाचा आपला चेहरा बघावा आणि एवढ्या कपाळाच्या आठ्या बघून कोणाचा गळा मोकळा होईल का याचा विचार करावा. त्यांची खिडकी उघडी असली की मी माझी लावून घेते. आज उकाड्यामुळे माझी उघडी राहिली आहे. लावायला हवी.

कलम तिसरे वकीलबाईंचे. पण त्याआधी चित्र म्हणजे काय ते लिहिले पाहिजे, नाहीतर पुढचे समजणार नाही.

गळा आतून दिसत नाही. त्याला हात घालून सरळ करता येत नाही. "घसा सैल सोड" म्हटले की माणूस तो हटकून आवळतो. म्हणून मी चित्र देते. आधी मान बघते, खांदे बघते, माणूस खुर्चीवर टेकतो की नुसता कडेवर बसतो ते बघते, आणि मग कानात सांगते. कानातच, कारण ते चित्र त्या एकाचेच असते. माझ्या वर्गात नियम एकच आहे: आपले चित्र दुसऱ्याला द्यायचे नाही. चष्मा जसा ज्याचा त्यालाच लागतो, तसेच हे आहे. या नियमावर नवे विद्यार्थी हसतात आणि जुने हसत नाहीत.

तर वकीलबाई. शाळेत असताना माझ्याकडे आल्या. सुराला टिचकी मारल्यासारख्या गायच्या. मी कानात सांगितले, "झोपलेल्या बाळावर पांघरूण घालतेस ना, तसा सूर ठेव." त्या म्हणाल्या, "बाई, आमच्याकडे बाळ नाही. पांघरूण माझ्यावर आई घालते, आणि सकाळी तीच ओढून काढते." चार दिवस त्या एका चित्रावर माझ्याशी वाद घातला. शेवटी मीच म्हटले, बये, तू वकील हो. माझ्या पलंगावरचे निळे पांघरूण त्यांना द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. हे लिहिताना त्या खिडकीबाहेर बघत आहेत आणि नाक पुसत आहेत. सर्दी आहे म्हणतात.

कलम चौथे. काश्मिरी निळी नव्हे, तपकिरी शाल आणि ठोके देणारे यंत्र थोरलीला द्यावे. थोरली म्हणजे माझी सर्वांत जुनी विद्यार्थिनी. ती आली तेव्हा तिचा आवाज फाटक्या पिशवीतून पीठ सांडावे तसा सांडायचा, निम्मा हवाच असायची. तिला मी चित्र दिले: जड दार आहे, ते खांद्याने ढकल, हाताने नाही. तिचा आवाज त्या दाराशी उभा राहिला तो आजपर्यंत उभा आहे.

मागच्या महिन्यात तपासण्यांसाठी मला इस्पितळात राहावे लागले तेव्हा वर्ग थोरलीने सांभाळला. आणि केवळ मायेपोटी, तिने आपले दाराचे चित्र वर्गातल्या एका मुलीला, काडीला दिले.

"बाई, मला एवढा उपयोग झाला, म्हटलं तिलाही होईल."

"अगं, तुझं दार बंद होतं. तिचं आधीच सताड उघडं. ती ढकलायला गेली आणि तोंडावर पडली."

तसेच झाले. काडी रोज ढकलत राहिली. मग एका संध्याकाळी सगळ्या वर्गासमोर तिचा वरचा सूर चिरकला, आणि दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुरांच्या वर काही येईनासे झाले. तिला मी माझ्याच डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दुर्बिणीने तपासून सांगितले, घसा ठणठणीत आहे. ठणठणीतच आहे. भीतीला दुर्बिणीतून बघता येत नाही.

तेव्हापासून थोरली रोज माझ्यासाठी गरम सूप घेऊन येते आणि दारातच उभी राहते. मी तिच्यावर रागावलेली नाही. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडले होते, आता ठेवले आहे. शाल उबदार आहे, तिने वापरावी, कपाटात ठेवून कसर लावू नये.

कलम पाचवे. काडीला मी काहीही देत नाही.

यावर खुलासा आवश्यक आहे. काडी अंगाने काडी आहे म्हणून हे नाव. आवाज मात्र खोली भरून जिन्यापर्यंत जाणारा होता. माझ्या हाताखालून गेलेला सर्वांत चांगला आवाज तो. हे मी तिला कधी सांगितले नाही, कारण चांगल्या आवाजाला ते सांगितले की तो पहिल्यांदा स्वतःला ऐकायला लागतो. मी गेल्यावर तिला कळले तरी हरकत नाही. ती तरणतलावावर लहान मुलांना आणि पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांना पोहायला शिकवते आणि तिथून ओल्या केसांनी तशीच वर्गाला येते. खुर्ची भिजते, जमिनीवर थेंबांची वाट उमटते. मी रोज ओरडते, "ओल्या केसांनी गळ्याची काशी करशील!" ती रोज "हो बाई" म्हणते आणि तशीच येते. शेवटी मी दारामागच्या खुंटीवर तिच्यासाठी एक टॉवेल टांगला.

आवाज बंद झाल्यापासून मी तिला चित्रांमागून चित्रे दिली. जिन्याचा कठडा दिला, हात नुसता टेकायचा, ओढून चढायचे नाही. आपोआप बाहेर सरकणारा खण दिला. कपड्यावरून फिरणारी इस्त्री दिली, वाऱ्याने हलणारा पडदा दिला. ती प्रत्येक चित्र प्रामाणिकपणे घेते, सूर लावते, आणि सूर पुरता बाहेर पडायच्या आत मान कलती करून माझ्याकडे बघते. "बरा आला का, बाई?" कुठला बरा येणार! परीक्षक आधीच येऊन बसलेला असतो.

मला मरणाची भीती आहेच, खोटे कशाला बोलू. पण ती रांगेत मागे उभी आहे. पुढे उभी असलेली भीती अशी: काडीचा आवाज परत यायच्या आत उद्या माझा गेला तर तिला चित्र कोण देणार? हातवारे करून चित्र देता येत नाही, पाटीवर लिहूनही देता येत नाही, ते कानातच द्यावे लागते. आणि ती काही दुसऱ्या कोणाकडे जायची नाही. तरणतलावावर शिट्टी फुंकत राहील, आणि लोक म्हणतील, हो, पूर्वी गायची म्हणे.

आता साक्षीदारांचे. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदार दोन हवेत आणि मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असेच हवेत, नाहीतर त्यांना दिलेले रद्द होते. "ज्यांना तुम्ही काहीच देत नाही, असं कोण आहे?" खालचे औषधवाले आहेत, त्यांनी राग मानू नये. आणि दुसरे नाव माझ्या तोंडून आपोआप आले, काडी. नाव घेतले आणि मलाच ते लागले. जिला सगळ्यांत जास्त द्यायचे होते तिची ओंजळ रिकामी, म्हणून ती साक्षीदार. मी म्हटले, निदान टॉवेल तरी देऊ.

"टॉवेलसुद्धा नाही, बाई."

तेव्हा टॉवेल खुंटीवरच राहू द्यावा.

कलम सहावे. जिन्याच्या टोकाची वर्गाची खोली व पियानो विकून टाकावा आणि वर्ग बंद करावा. पियानोची एक पट्टी अडकते, घेणाऱ्याला तसे आधीच सांगावे. थोरली वर्ग चालवायला तयार आहे, पण तिला माझी सगळी वाक्ये तोंडपाठ आहेत, हीच तर अडचण आहे. वाक्ये पाठ असणारे पुष्कळ आहेत. मान बघणारे कोणी नाही. दार बंद केल्यावर कुलूप दोनदा ओढून बघावे.

येथवर लिहून झाले. यापुढचे मी वेगळ्या शाईने लिहीत आहे, कारण मधे पेन बदलले, आणि बरेच काही बदलले.

संध्याकाळी औषधवाले दुकानाचे दार अर्धे ओढून वर आले. काडी तलावावरून आली, केस नेहमीप्रमाणे ओले. वकीलबाईंनी कागद नीट लावून पेन माझ्या हातात दिले. आणि मला सही करता येईना. श्वास वरच्या वर अडकला. छाती हलेना, शब्द फुटेना, पेन खाली पडले. औषधवाले कोणती गोळी आणू म्हणत जिन्याकडे धावले. वकीलबाई म्हणाल्या, "बाई, खोल श्वास घ्या! खोल!" घाबरलेल्या माणसाला देऊ नये असा हा सल्ला मी जन्मभर कोणाला दिला नाही, तो माझ्या वाट्याला माझ्याच विद्यार्थिनीकडून आला.

काडी माझ्या मानेकडे बघत होती.

मग खुर्चीमागे आली आणि माझ्या डोक्याखाली तिने आपला तळवा धरला.

"बाई, तुम्ही कान वर धरलेत."

मी मानेनेच विचारले, काय?

"पाण्यावर पाठीवर झोपा म्हटलं की सगळे हेच करतात. कान कोरडे राहावेत म्हणून मान उचलून धरतात. मान वर गेली की पाय खाली जातात, आणि मग म्हणतात पाणी बुडवतं. माझा हात आहे खाली. तुम्ही काहीच करू नका. फक्त कान बुडू द्या."

"कान?" एवढे कसेबसे आले.

"कानच. कान बुडले की बाहेरचं काही राहत नाही. वकीलबाई नाहीत, डॉक्टर नाहीत, उद्या नाही. आपलाच श्वास लांबून ऐकू येतो. तो तपासायचा नाही. येतोय तेवढा येऊ दे."

माझे डोके तिच्या हातात जड झाले. एवढी वर्षे मीच ते धरून ठेवले होते, हे मला तेव्हा समजले. श्वास एक पायरी उतरला, मग आणखी एक.

"आणि मी मुलांना असं गुणगुणते," ती म्हणाली, "म्हणजे हात काढलेला नाही, हे त्यांना पाण्यातूनही कळतं." आणि तिने खाली, अगदी खाली, सूर धरला. तिच्या हातातून तो माझ्या डोक्यात उतरत होता. तिचे सगळे लक्ष माझ्या श्वासावर होते. स्वतःच्या सुराकडे बघायला तिच्याजवळ कोणी शिल्लकच नव्हते. श्वास खाली गेला तसा तिचा सूर वर निघाला. मधल्या सुरापाशी आला, जिथे रोज दार आपटायचे. तिथून पुढे गेला. मी डोळे मिटून बसले होते, आणि माझ्या अंगावर काटा आला.

मग तिच्या लक्षात आले. सूर थांबला.

"बाई... मी आत्ता..."

"गप," मी म्हटले. "कान बुडव."

तिने कान बुडवले असावेत, कारण यानंतर जे आले ते गुणगुणणे नव्हते. तोंड उघडून, पूर्ण आवाजाने, शब्दावाचून ती गायली. पियानोची अडकलेली पट्टीसुद्धा आतून झणझणली. मी जिन्याचा कठडा दिला होता, खण दिला होता, इस्त्री, पडदा, सगळे माझ्या घरातले. ती रोज अर्धा दिवस पाण्यात असते, हे तिच्या केसांवरून दिसत होते, आणि मी त्या पाण्यासाठी टॉवेल टांगला होता.

थोड्या वेळाने जिन्यावर पावले वाजली. मला वाटले औषधवाले. ते होतेच, हातात गोळ्यांची तीन पाकिटे घेऊन. पण त्यांच्या पुढे धापा टाकत समोरचे मास्तर होते, खिशात टॉर्च. खिडकी लावायची राहिली होती.

"कोण गात होतं?" मास्तरांनी विचारले.

"का?"

ते दारात तसेच उभे राहिले. डोळे ओले होते, पण तोंडातून काय निघावे? "नाही... टाळू फार सुंदर उचलली गेली होती."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना बसायला खुर्ची दिली. काडीची होती, ओली होती, ते बसले.

वकीलबाई म्हणाल्या, "चला, आता सही करा." मी म्हटले, थांब, सहावे कलम बदलायचे आहे. वर्ग, पियानो आणि चाव्या काडीला.

"मग ती साक्षीदार राहत नाही, बाई."

"खोडते तिचं नाव."

"आणि दुसरा साक्षीदार आयत्या वेळी कुठून आणू?"

आम्ही सगळ्यांनी मास्तरांकडे बघितले.

"त्यांना आरसा आहे," वकीलबाई हळूच म्हणाल्या.

"आरसा रद्द."

"कसला आरसा?" मास्तरांनी विचारले.

"काही नाही, मास्तर. इथे सही करा."

वकीलबाईंचे म्हणणे, हे सगळे पुन्हा स्वच्छ कागदावर लिहून काढावे. मी नकार दिला. खोडलेले खोडलेले दिसले पाहिजे. त्यानुसार:

कलम दुसरे रद्द. कलम पाचवे रद्द. कलम सहावे रद्द.

कलम सातवे. वर्गाची खोली, पियानो, आरसा, सर्व चाव्या आणि दारामागचा टॉवेल काडीला द्यावा. वर्ग चालू राहावा. थोरलीने तिला हिशेब आणि वेळापत्रक यांत मदत करावी, चित्रांत करू नये. काडीने ओल्या केसांनी शिकवण्यास माझी हरकत नाही. काडीचे चित्र या कागदावर लिहिले गेल्याने माझा नियम मीच मोडला आहे. म्हणून बजावते की ते तिचे आहे, आणि आज संध्याकाळपुरते तिने मला वापरायला दिले. वाचणाऱ्याने ते उचलून दुसऱ्या कोणाला देऊ नये. राहवलेच नाही तर आधी त्याची मान बघावी.

उद्या मी परत आले आणि आवाज आला नाही, तर तो वेगळा कागद शोधत बसू नये. काडीने शिकवावे, मी कोपऱ्यात बसून ऐकेन. भीती गेली आहे का? नाही. जिथल्या तिथे आहे. पण आता माझ्या मागे कोणीतरी उभे आहे, आणि त्याचा हात खाली आहे.

हे मृत्युपत्र मला वकीलबाईंनी मोठ्याने वाचून दाखवले, ते मी ऐकले, समजले, मान्य केले, आणि खाली नमूद केलेल्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

साक्षीदार पहिले: खालचे औषधवाले. (गोळ्या परत नेल्या.)

साक्षीदार दुसरी: काडी. हे नाव मी स्वतः खोडले आहे. जिला मिळायचे तिने साक्ष द्यायची नसते.

साक्षीदार दुसरे, तिच्या जागी: समोरचे मास्तर.

स्थळ: वर्गाची खोली, खिडकी उघडी.

दिनांक: गाठ काढायच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ.

सही: केली आहे. वाकडी आली असेल. पुन्हा बघितलेली नाही.